पाण्याचा दिवस

होटगी रोडच्या हॉलमध्ये तीन दिवसांची कॉन्फरन्स
आणि मी डबा न घेता निघाले
याचंच आईला नवल.
"जेवायला देतात?"
देतात.
"तिन्ही दिवस?"
तिन्ही दिवस.
"मग कामाचं काय?"
हेच काम आहे, म्हटलं,
आणि स्कूटी काढली,
कारण पुढचं मलाही नीट सांगता आलं नसतं.

नोंदणीच्या टेबलावर नाव दिलं भाग्यलक्ष्मी येमूल.
बॅजवर छापून आलं: भाग्यल.
रकान्यात तेवढीच अक्षरं मावत होती.
चारशे प्रोग्रामर एका छताखाली
आणि रकाना छोटा.
कुणी हसलं नाही. सगळ्यांनीच कधी ना कधी
असा रकाना लिहिलेला.

बाहेर त्रेचाळीस. आत एसी एवढा
की बंगळूरहून आलेला मुलगा
पिशवीतला स्वागताचा टॉवेल खांद्यावर घेऊन बसला.
किती मऊ, म्हणाला.
मी किनार चाचपली.
एका जागी ताण्याचा धागा तुटलेला,
माग न थांबवता पुढे रेटलेला.
बोलले नाही.
शुक्रवारी संध्याकाळी मीही
असंच रेटलेलं आहे पुष्कळदा.

दुसऱ्या दिवशी चारला माझं भाषण होतं,
म्हणजे माझं नव्हे, मी ज्याच्यासाठी पैसे भरले ते:
कधीच बंद न पडणारी यंत्रणा.
पहिल्या रांगेत जागा धरली, वही उघडली,
पावणेचारला विजयाक्काचा फोन:
"उद्याचं पाणी आजच सोडलंय की गं,
आई तुझी कारखान्यात विड्या द्यायला गेलीय,
येतीस का कसं?"

आले.
पिंप, टाकी, दोन घागरी, कळशी,
मग बाटल्या, मग पातेली,
मग ज्यात कधी पाणी भरत नाही ते कुकरसुद्धा.
पाच दिवसांचा हिशेब दीड तासात.
वाकले की बॅज बादलीत बुडायचा,
भाग्यल, भाग्यल करत वर यायचा.
तिकडे पडद्यावर आत्ता
सर्व्हर कोसळत असतील
आणि कुणाला कळतही नसेल.

तिसऱ्या दिवशी तोच वक्ता
गेटबाहेरच्या टपरीवर एकटा चहा पीत होता.
हैदराबादचा. नाव श्रीहरी.
मी माझ्या घरच्या तेलुगूत विचारलं
आणि तो कप खाली ठेवून हसला:
हा शब्द माझी पणजी वापरायची.
आमचे चार पिढ्यांपूर्वी निघाले तिकडून,
शब्द तेवढेच घेऊन,
त्यानंतर नवीन कुणी दिलेच नाहीत.

काल का नव्हता?
पाणी आलं होतं.
आणि रोज?
रोज नसतं. म्हणून घरोघरी साठा,
ज्याचा त्याचा.
तो बराच वेळ गप्प.
मग त्याने तीन काचेचे ग्लास मांडले,
सगळं भाषण माझ्यासाठी पुन्हा, उभ्या उभ्या,
यातला एक फुटला तर उरलेल्या दोघांना
कळायला किती वेळ लागावा,
कळेपर्यंत खरं कुणाचं धरायचं.
टपरीवाला म्हणाला, "फोडून दाखवू नका बे,
पंधरा रुपयाला एक हाय."

संध्याकाळी हॉलमध्ये वायरी गुंडाळत होते.
बॅजचं प्लॅस्टिक परत घेतलं,
आतला कागद मला दिला, अजून जरा दमट.

"काय शिकवलं?" आईने विचारलं.
म्हटलं, एक ग्लास फुटला
तर बाकीच्यांना कळायला पाहिजे.
"फोडला कुणी?"
ते नाही शिकवलं.
ती चष्मा न लावता
टॉवेलवर बोट फिरवत होती.
बोट जिथे थांबलं
ती जागा मला माहीत होती.